पिस्तूल घेण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालं की महामार्गावर वडनेर भोलजी लागतं. ते माझं गाव. बावीस वर्षं फौजेत काढून मी इथं परतलो आणि वडिलोपार्जित शेतात कापूस, सोयाबीन करू लागलो. फौजेत मी बटालियनच्या नेमबाजी संघात होतो, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक. म्हणून बंदूक, परवाना, काडतूस असा कुठलाही विषय निघाला की माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसतो. बहुतेकांचा प्रश्न रानडुकरांचा असतो. पण गेल्या दिवाळीनंतर माझा चुलतभाऊ आला, तो वेगळाच प्रश्न घेऊन.

"दादा, पोरीले पिस्तूल घ्याचं हाय," तो म्हणाला. "कोन्तं घेऊ थे सांगा. दीड एकर काढाची तयारी हाय मायी."

पोरगी मागे उभी होती. एकोणीस वर्षांची. पुण्याला शिकते. दोन वर्षांपासून तिथल्या एका रेंजवर एअर पिस्तूल चालवते आणि बऱ्यापैकी गुण मारते. आता तिच्या प्रशिक्षकांनी तिला २५ मीटरच्या प्रकाराकडे वळायला सांगितलं होतं. त्यासाठी पॉइंट टू-टूचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल लागतं. तिनं वहीत पाच-सहा परदेशी कंपन्यांची नावं लिहून आणली होती. बापाला त्यातलं एकही नाव धड उच्चारता येत नव्हतं, पण वावर विकायचं मात्र त्यानं मनाशी पक्कं केलेलं होतं.

मी म्हटलं, आधी बस, चहा घे. त्या दिवशी त्या बापलेकींना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. खेड्यापाड्यातली पोरं नेमबाजीकडे वळू लागली आहेत आणि त्यांचे आईबाप पहिल्याच पायरीवर लाखांच्या गोष्टी ऐकून गांगरून जातात.

तीन सेकंदांचा खेळ

आधी हा खेळ समजून घेऊ. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात एकूण ६० गोळ्या झाडायच्या असतात. पहिल्या ३० सावकाश. पाच-पाच गोळ्यांच्या सहा फैरी आणि प्रत्येक फैरीला पाच मिनिटं. इथं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. दुसऱ्या ३० गोळ्या जलद. हात खाली झुकलेला ठेवायचा, इशारा मिळाला की उचलायचा, नेम साधायचा आणि तीन सेकंदांच्या आत एक गोळी झाडायची. मग सात सेकंद थांबायचं. असं पाच वेळा, एका दमात. पिस्तूल एकाच हातात धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही.

या प्रकारात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुण्याची अनिसा सय्यद आणि कोल्हापूरची राही सरनोबत या दोघींनी जोडीचं सुवर्णपदक जिंकलं. वैयक्तिक स्पर्धेत अनिसा पहिली आणि राही दुसरी आली. २०१४ साली ग्लासगोला क्रम उलटला, राही पहिली आणि अनिसा दुसरी. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहीनं सुवर्णपदक मिळवलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या नेमबाजाचे ३४-३४ असे सारखे वेध झाले होते. निकाल शूट-ऑफवर गेला. जिथं पदक एका गोळीवर ठरतं, तिथं ती गोळी नळीतून वेळेवर बाहेर पडलीच पाहिजे. 'भरवशाचं पिस्तूल' म्हणतात ते एवढ्याचसाठी.

पिस्तुलाच्या पोटात काय चालतं?

पॉइंट टू-टूचं काडतूस तुम्ही एनसीसीत पाहिलं असेल. करंगळीच्या नखाहून अरुंद, ५.६ मिलिमीटरचं. त्यात एक विशेष गोष्ट असते. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टोपी असते आणि तिच्यावर घाव बसला की दारू पेटते. या छोट्या काडतुसात ती टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेत, गोल फिरवून बसवलेलं असतं. म्हणून याला रिमफायर म्हणतात. कडेत ते मिश्रण एखाद्या ठिकाणी कमी पडलं आणि नेमका घाव तिथंच बसला, तर काडतूस फुसकं निघतं. पिस्तूल कितीही महाग असो, त्याला इलाज नाही. म्हणून काडतूस चांगलं असणं ही पहिली अट.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय? ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. पण पुढची गोळी भरण्याचं काम पिस्तूल स्वतः करतं. गोळी पुढे जाते तेव्हा जळलेल्या दारूचा वायू मागेही रेटा देतो. त्या रेट्यानं बोल्ट मागे सरकतो, जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि ठोकणारा भाग ताणून ठेवतो. मग स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते आणि येताना तो मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून नळीत बसवतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं.

मळणी यंत्रासारखंच आहे हे. ओंब्या टाकणं, झोडणं, भुसा उडवणं, दाणे पोत्यात पाडणं, यातलं एक काम अडलं की सगळं यंत्र थांबतं. इथंही भरणं, डागणं, पुंगळी ओढणं आणि ती फेकणं ही चार कामं आहेत. वायूचा रेटा आणि स्प्रिंगचा जोर यांचा मेळ बसलेला असला तरच ती सुरळीत चालतात. काडतूस जास्त जोराचं वापरलं तर बोल्ट दणदण आदळतो आणि पिस्तुलाची झीज होते. कमी जोराचं वापरलं तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी अर्ध्यातच अडकते.

माझी चूक

आता माझीच एक गोष्ट सांगतो. साल १९९४. स्टँडर्ड पिस्तूल प्रकाराची स्पर्धा होती. त्यात शेवटच्या फैरी दहा सेकंदांत पाच गोळ्या अशा असतात. तोवर माझी कामगिरी चांगली चालली होती. शेवटून दुसरी फैर. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी ट्रिगर दाबला तर काहीच नाही. पाहतो तर रिकामी पुंगळी बोल्टच्या तोंडात उभी अडकलेली.

फौजेत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं की हत्यार अडकलं तर क्षणात मोकळं करायचं. हातानं तेच केलं. डाव्या हातानं बोल्ट ओढला, पुंगळी झटकली आणि पुन्हा नेम धरला. तेवढ्यात दहा सेकंद संपले. मग मी हात वर केला. रेंज अधिकारी आले, त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. नियम असा आहे की पिस्तूल अडलं तर नळी निशाणाकडेच ठेवायची, कशालाही हात लावायचा नाही आणि मोकळा हात वर करून अधिकाऱ्याला बोलवायचं. बिघाड खरा आहे असं त्यांना दिसलं तर ती फैर भरून काढायची संधी मिळते. पण नेमबाजानं स्वतः दुरुस्तीचा हात घातला की तो हक्क जातो. माझ्या तीन गोळ्या शून्य धरल्या गेल्या. संघातली जागा चार गुणांनी हुकली.

त्या रात्री मी पिस्तुलाला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी युनिटच्या आर्मररनं ते उघडलं आणि मला समोर बसवून एकेक गोष्ट दाखवली. पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखाली मेणाची आणि काजळीची पुटं चढलेली होती. ती साफ करायच्या ऐवजी मी वरून तेल ओतलं होतं. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी, स्वस्त मिळाली म्हणून, वेगळ्याच बनावटीची काडतुसं घेतली होती. तीन कारणं आणि तिन्ही माझी. पिस्तुलाचा त्यात दोष नव्हता.

याचा अर्थ यंत्र कधी दगा देत नाही असा नाही. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटं गेली. तिचे ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ती जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी एक वापरत होती, सोबत जाणती माणसं होती, तरीही हे झालं. तीच मुलगी तीन वर्षांनी पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारात चौथी आली. महाग पिस्तूल घेतलं की काळजी मिटली, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही हकिगत ध्यानात ठेवावी.

निवडताना काय पाहावं?

पहिली गोष्ट, हात. स्पर्धेचं पिस्तूल कागदावर वाचून निवडता येत नाही. त्याची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. कानस मारून ती आपल्या तळहाताला बसवून घेता येते. तपासायची रीत सोपी आहे. रिकामं पिस्तूल हातात घ्या, डोळे मिटा, हात निशाणाच्या दिशेनं उचला आणि मग डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप आलेली दिसली तर मूठ जमली. ती दरवेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर मूठ चुकतेय. रशियात मिखाईल मार्गोलिन नावाचा एक रचनाकार होऊन गेला. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मेणाचे, लाकडाचे नमुने हातानं चाचपत त्यानं पॉइंट टू-टूचं एक स्पर्धा-पिस्तूल घडवलं आणि ते जगभर चाललं. पिस्तूल आधी हाताला पटावं लागतं, ते असं.

दुसरी गोष्ट, वजन आणि ट्रिगर. आंतरराष्ट्रीय नियमांत या पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १,४०० ग्रॅम चालतं. दीड लिटर पाण्याची भरलेली बाटली सरळ हातानं, खांद्याच्या उंचीवर धरून पाहा, म्हणजे अंदाज येईल. जड पिस्तूल झटका कमी देतं हे खरं. पण साठाव्या गोळीला हात थरथरत असेल तर त्या जडपणाचा काय उपयोग? ट्रिगर किमान १,००० ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी त्याला खरोखरच एक किलोचं वजन टांगून पाहतात. एअर पिस्तुलाला ही अट ५०० ग्रॅमची असते, म्हणून तिथून आलेल्या मुलांना हा ट्रिगर सुरुवातीला जड लागतो. तो हलका आहे का, हे पाहू नका. दर वेळी तो एकाच जागी आणि एकाच दाबाला सुटतो का, ते पाहा.

तिसरी गोष्ट, काडतूस. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलं स्टँडर्ड वेगाच्या काडतुसांसाठी बांधलेली असतात. त्यांची गोळी साधारण सेकंदाला ३२० ते ३३० मीटर जाते, आवाजाच्या वेगाच्या थोडी आतच. डब्यावर हाय व्हेलॉसिटी लिहिलेलं काडतूस अशा पिस्तुलात घालू नये. पिस्तुलाला कोणत्या बनावटीचं काडतूस मानवतं हे झाडूनच कळतं. दोन-तीन बनावटी थोड्या थोड्या आणायच्या, वेगवेगळ्या झाडायच्या, जे निमूट चालेल ते धरायचं आणि मग शक्यतो एकाच लॉटचं घ्यायचं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात उभ्या केलेल्या गाडीत काडतुसांचा डबा विसरू नका. गोळीवरचं मेण वितळतं आणि मग ते नको तिथं जाऊन बसतं.

चौथी गोष्ट मॅगझिन. लोक सगळ्यात कमी लक्ष देतात ते याकडेच आणि पिस्तूल अडतं ते पुष्कळदा याच्याचमुळे. काडतुसाच्या बुडाला कड असते हे मघाशी सांगितलं. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहायला हवी. ती मागे अडकली की बोल्ट ते काडतूस उचलू शकत नाही. मॅगझिनच्या वरच्या दोन ओठांपैकी एक जरी किंचित वाकला तरी हीच गत होते. म्हणून मॅगझिन खाली पडू देऊ नका. प्रत्येकावर आकडा टाका. पिस्तूल अडलं की कोणत्या आकड्याचं मॅगझिन होतं ते लिहून ठेवा.

पाचवी गोष्ट, सुटे भाग आणि कारागीर. आपल्या गावाकडे ट्रॅक्टर घेताना माणूस आधी विचारतो की मेकॅनिक मलकापुरात आहे का? पिस्तुलाचंही तेच. स्प्रिंग झिजते, फायरिंग पिन तुटते, आकडा बोथट होतो. हे भाग कुठं मिळतील, किती दिवसांत मिळतील आणि बसवणार कोण, हे आधी विचारायचं. तुमच्या रेंजवर ज्या बनावटीची चार-पाच पिस्तुलं आहेत, तीच बनावट घेण्यात शहाणपण असतं. अडचणीच्या वेळी शेजाऱ्याकडे सुटा भाग असतो आणि खोड ओळखणारा माणूसही असतो.

जुनं पिस्तूल मिळत असेल तर वाईट नाही. चांगलं स्पर्धा-पिस्तूल हजारो गोळ्या झाडूनही टिकतं. मात्र तीन जागा पाहाव्यात. नळीचं तोंड खरचटलेलं नाही ना? चुकीच्या गजानं साफ केल्यानं ते बिघडतं आणि नेम पसरतो. नळीच्या मागच्या कडेवर घाव नाहीत ना? रिमफायर पिस्तूल रिकामं ठेवून वारंवार चालवलं की पिन त्या कडेवर आदळते. काही स्पर्धा-पिस्तुलांत कोऱ्या सरावाची वेगळी सोय असते, ती वापरावी. आणि तिसरं, मॅगझिनं मूळची आहेत की कुठून तरी जुळवलेली?

नावं आणि कसोटी

आता पोरीच्या वहीतली नावं. जर्मनीच्या वॉल्थर कंपनीचं जीएसपी १९६८ पासून प्रसिद्ध आहे. त्याचं मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे असतं, त्यामुळे वजन पुढे राहतं आणि नळी कमी उसळते. इटलीचं पारदिनी त्याच बैठकीचं आहे आणि आंतरराष्ट्रीय रेंजवर सर्रास दिसतं. स्वित्झर्लंडचं मोरिनी आणि जर्मनीचं फाइनवेर्कबाउ हीही मान्यवर घराणी आहेत. अमेरिकेचं स्मिथ अँड वेसन ४१ हे १९५७ पासून चालत आलेलं, मुठीत मॅगझिन असलेलं पिस्तूल. यातलं कोणतंही शिकंज्यात पक्कं बसवून योग्य काडतुसानं झाडलं तर गोळ्या दहाच्या वर्तुळात बसतात. म्हणजे अचूकतेत सगळीच पास. नऊ आणि आठ गुण मारतो तो आपला हात.

मग निवड कशावर करायची? मी पोरीला एक वही घालायला सांगितली. जे पिस्तूल घ्यायचा विचार असेल, त्यावर आपल्या नेहमीच्या काडतुसानं, आपल्याच हातानं निदान पाचशे गोळ्या झाडायच्या. एका दिवसात नव्हे. सात-आठ सरावांत, काही साफ केल्यावर लगेच आणि काही दोनशे गोळ्यांनंतर तसंच. प्रत्येक अडथळा लिहायचा. फुसकं काडतूस होतं की पुंगळी अडकली? कितव्या गोळीला? कोणतं मॅगझिन? पाचशेत दोन-तीन अडथळे आले आणि ते फुसक्या काडतुसांचे असले तर पिस्तूल चांगलं. तेच दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल तर कारण सापडेपर्यंत पैसे मोजू नयेत.

परवाना आणि पैसा

आता कायद्याचं. पॉइंट टू-टूचं पिस्तूल हे खेळण्याचं साधन दिसलं तरी कायद्यानं ते अग्निशस्त्र आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम त्याला लागू होतात. परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं. त्याहून लहान खेळाडूंना देखरेखीखाली प्रशिक्षण घेण्याची सोय कायद्यात आहे. बापानं आपल्या नावावर घेतलं आणि मुलीच्या पिशवीत टाकून पुण्याला पाठवलं, असंही चालत नाही. परदेशी पिस्तूल मागवायचं तर खेळाडूची नामांकित नेमबाज वगैरे श्रेणी पाहिली जाते. ती श्रेणी स्पर्धांतल्या गुणांवर मिळते. म्हणजे आधी गुण, मग पिस्तूल, असाच हा रस्ता आहे. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचं मात्र तसं नाही. ठरावीक शक्तीच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. म्हणूनच सुरुवात तिथून करायची असते.

हा रस्ता घालून देणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ साली भारतीय रायफल संघटना उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं. आजही राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याआधी पोरं जी पात्रता स्पर्धा खेळतात, तिला 'मावळंकर' म्हणूनच ओळखलं जातं. पुण्याची बालेवाडी, मुंबईची वरळी, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणी रेंज आहेत. २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तोही शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत, नाशिकला शिकून पुढे गेला. आमच्या घाटाखालच्या पोरांना रेंजसाठी रात्रभराचा प्रवास करावा लागतो, ही खंत मला आहेच. पण पहिल्या वर्षी क्लबचं पिस्तूल वापरून शिकणं हा कमीपणा नव्हे. फौजेत आम्ही सगळे युनिटच्याच पिस्तुलावर शिकलो.

खर्चाचं गणित मांडताना लोक पिस्तुलाची किंमत धरतात आणि काडतुसं विसरतात. पिस्तूल एकदाच घ्यावं लागतं. काडतुसं दर आठवड्याला. पॉइंट टू-टूची पुंगळी पुन्हा भरता येत नाही. सगळे पैसे पिस्तुलात घातले आणि सरावाला काडतुसं उरली नाहीत, तर लाखांचं लोखंड पेटीत पडून राहतं.

आणि दोन गोष्टी जिवाच्या. पिस्तूल नेहमी भरलेलंच आहे असं समजून हाताळायचं. झाडणं संपलं की मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, त्यात केशरी फ्लॅग घालायचा. पिस्तूल कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय शेंगदाणेसुद्धा खायचे नाहीत, कारण गोळी शिशाची असते.

हे सगळं ऐकून माझा चुलतभाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे पोरीले अजून दोन वर्सं परवानाच नाही?" मी म्हटलं, नाही. पोरगी हळूच बोलली, "मोठे बाबा, मी यांना आधीच सांगत होते, क्लबचं पिस्तूल आहे म्हणून. पण यांना वाटलं, मी पैशासाठी संकोच करते."

आता ती क्लबच्या पिस्तुलावर सराव करते. मागच्या महिन्यात गावी आली तेव्हा वही दाखवायला आणली होती. सहाशे चाळीस गोळ्या आणि पाच अडथळे. त्यातला एक फुसक्या काडतुसाचा आणि उरलेले चार दोन नंबरच्या मॅगझिनचे. ते मॅगझिन तिनं प्रशिक्षकांना दाखवून बाजूला काढलं. त्याचा एक ओठ वाकलेला निघाला. काडतुसांसाठी महिन्याला किती लागतात, तेही शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं. बापानं तो आकडा दोनदा वाचला.

"एवढं तर त्या दीड एकरातून निंगते," तो म्हणाला. यंदा त्यानं तिथं तूर पेरली आहे.